परत ठेवायला किती वेळ लागतो? रत्नागिरीतल्या एका घरगुती कार्यशाळेची फेरमांडणी

रत्नागिरीत समुद्रापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एका कौलारू घराच्या पडवीत ही कार्यशाळा आहे. पडवीची एक बाजू पत्रा आणि खिडकी लावून बंद केलेली. आत एक लांब टेबल, वर दोन फळ्या, खाली जुन्या टीव्हींचे सांगाडे. चालवतात माझे काका. दूरसंचार खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते गावातले रेडिओ, ॲम्प्लिफायर, टीव्हीचे पॉवर सप्लाय, सेट-टॉप बॉक्सचे ॲडॉप्टर दुरुस्त करतात आणि आंबा बागायतदारांना विहिरीवरच्या पंपासाठी पाणीपातळी नियंत्रक बनवून देतात. मी त्यांची पुतणी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. पडवीतल्या सुट्या भागांची मांडणी आम्ही दोघांनी मिळून बदलली. काय होतं, काय केलं आणि का केलं, ते इथे सविस्तर मांडते आहे.

या जागेच्या दोन अडचणी आधी सांगते, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यांच्यामुळेच झाले. पहिली अंतराची. पुण्यात राहणारा माणूस तापकीर गल्लीत जाऊन संध्याकाळपर्यंत आयसी, म्हणजे चिप, घेऊन येतो. आमचा बाजार म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर संपला तर कुरिअर येईपर्यंत कुणाचा तरी पंप बंद राहतो. दुसरी अडचण हवेची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने भिंतींना ओल आणि बारा महिने खारा वारा.

मूळ अवस्था

भाग कमी नव्हते, उलट भरपूर होते. मुंबईहून आणलेली शंभर-शंभरची पाकिटं, त्यांवर दुकानदाराने पेनाने घाईत लिहिलेले आकडे. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्या, फिल्म रोलच्या डब्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे. त्यांत नवे भाग, जुन्या बोर्डांवरून काढलेले भाग आणि कशाचे ते न ओळखणारे भाग एकत्र. ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे कंडेन्सर तीन वेगवेगळ्या डब्यांत निघाले, कारण सापडले नाहीत म्हणून दर वेळी नवे मागवले गेले होते.

यावर काकांनी आधीच एक उपाय करून पाहिला होता: छोट्या पारदर्शक खणांचं साठ खणी कपाट. एका खणात एकच किंमत, म्हणजे पैशांची नव्हे तर भागाच्या मापाची (रेझिस्टर असेल तर ओहमची), खणावर लेबल. दिसायला हे कपाट फार सुंदर होतं. पण हिशेब करून बघा. पाच टक्क्यांचे (किमतीत तेवढा फरक धरलेले) रेझिस्टर सहसा ज्या मालिकेत मिळतात तिच्यात दर दशकाला, म्हणजे दहापटीच्या एका टप्प्यात, बारा किमती असतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. दहा ओहमपासून एक मेगओहमपर्यंत पाच दशकं होतात. बारा गुणिले पाच आणि शेवटची एक मेग, म्हणजे ६१ किमती. साठ खणांचं कपाट फक्त रेझिस्टरनीच भरलं आणि तरी एक किंमत बाहेर राहिली. कंडेन्सर, डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी होते तिथेच राहिले. त्या साठांपैकी बहुतेक खण वर्षभरात उघडलेही जात नव्हते. १ के (के म्हणजे हजार ओहम), ४.७ के आणि १० के मात्र सारखे संपत.

खरी मोडतोड दुसरीकडे होती. एक काम संपलं की टेबलावर पाच-सहा भाग उरतात: काढून पाहिलेला ट्रान्झिस्टर, चुकीच्या किमतीचा म्हणून बाजूला ठेवलेला रेझिस्टर, पाकिटातून जास्तीचे निघालेले डायोड. त्यातला प्रत्येक उचलायचा, किंमत सांगणारे रंगीत पट्टे वाचायचे, साठांतला नेमका खण शोधायचा, ओढायचा, टाकायचा, लोटायचा. संध्याकाळी डोळे दमल्यावर हे कुणी करत नाही. टेबलावर एक वाटी येते, ‘नंतर लावू’ म्हणून. महिन्याभरात वाटीचा डबा होतो. मग शोधाशोध त्या डब्यातच सुरू होते, कारण ताजा माल तिथे असतो.

आम्ही कपाटाकडे कमी आणि त्या वाटीकडे जास्त लक्ष दिलं. वाटीत काय साठतं हे पाहिल्यावर मांडणी कुठे तुटते ते कळलं. शोधायला माणूस वेळ देतो, कारण काम अडलेलं असतं. परत ठेवण्यामागे अशी कुठलीच निकड नसते. त्यामुळे परत ठेवायला दोन-चार सेकंदांहून जास्त लागले, की ते राहून जातं.

त्यातून एक नियम निघाला आणि पुढचं सगळं त्यावर बसवलं. वर्गवारी म्हणजे आगाऊ केलेले श्रम. ते श्रम भरून निघतात फक्त तो भाग पुन्हा पुन्हा शोधला जाणार असेल तरच. ८२ के वर्षातून एकदा लागतो. दर वेळी त्याला त्याच्या अकरा भावंडांपासून वेगळं ठेवत बसण्यापेक्षा वर्षातून एकदा पन्नास रेझिस्टरांतून तो निवडून काढणं स्वस्त. म्हणून जे रोज लागतं त्याची बारीक वर्गवारी आणि जे क्वचित लागतं त्याची जाडीभरडी. स्वयंपाकघरात बाई हेच करते: मिसळणाचा डबा ओट्यावर, बाकी बरण्या फडताळात.

तिसऱ्या पट्ट्याची युक्ती

साठ खणी कपाट रिकामं केलं आणि ते टेबलावर, उजव्या हाताला येईल असं ठेवलं. आता त्यात एकाच जातीचे भाग नाहीत, रोजचे भाग आहेत. रेझिस्टरच्या साधारण पंधरा किमती, ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कंडेन्सर, १एन४००७ डायोड, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एनई५५५ टायमर, ७८०५ आणि ७८१२ व्होल्टेज रेग्युलेटर, पीसी८१७ ऑप्टोकपलर, बारा व्होल्टचे रिले, आणि नेहमी फुगणारे पाच-सहा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. काय रोजचं आहे हे ठरवायला अंदाज केला नाही. काकांच्या दुरुस्तीच्या वहीत प्रत्येक कामापुढे बदललेले भाग लिहिलेले असतात. ती वही चाळली आणि यादी आपोआप तयार झाली.

उरलेले पाव वॅटचे रेझिस्टर फक्त तिसऱ्या पट्ट्याच्या रंगावर लावले. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये पहिले दोन पट्टे आकडे सांगतात आणि तिसरा पुढची शून्यं. म्हणजे दशक कोणतं हे कळायला तो एकच पट्टा पुरतो. काळा म्हणजे १० ते ८२ ओहम, तपकिरी म्हणजे शेकड्यातले, लाल म्हणजे १ ते ८.२ के, नारिंगी म्हणजे १० ते ८२ के, पिवळा म्हणजे १०० ते ८२० के, हिरवा म्हणजे १ मेग आणि पुढे. सोनेरी असेल तर दहा ओहमच्या आतला. सात डब्या घेतल्या, झाकणांवर त्या त्या रंगाची टेप लावली. आता उरलेला रेझिस्टर हातात आला की किंमत वाचायची गरजच नाही. तिसरा पट्टा लाल आहे ना, लाल झाकणाच्या डबीत टाका. परत ठेवणं एका नजरेचं काम झालं. हवा असेल तेव्हा ती डबी पांढऱ्या ताटलीत ओतायची. त्यातून पिवळा-जांभळा, म्हणजे ४७ चा, जोडा शोधायला फार वेळ लागत नाही.

यात एक मोठा खड्डा आहे आणि तो टाळलाच पाहिजे. एक टक्क्याच्या निळ्या अंगाच्या रेझिस्टरला पाच पट्टे असतात. त्यात पहिले तीन आकड्यांचे आणि चौथा शून्यांचा. साहजिकच १० के चार पट्ट्यांत असेल तर शून्यांचा पट्टा नारिंगी आणि पाच पट्ट्यांत असेल तर लाल. दोन्ही जाती एका डबीत आल्या की रंगाचा नियम मोडला. शिवाय निळे रेझिस्टर वाचायलाच वाईट. पट्टे सगळीकडे सारख्या अंतरावर, सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी म्हणजे १० के. तोच उलटा धरला तर तपकिरी-लाल-काळा-काळा-तपकिरी, म्हणजे १२० ओहम. दोन्ही किमती बाजारात मिळतात, दोन्ही वाचनं बरोबर वाटतात. एलईडीच्या दिव्याखाली लाल, तपकिरी आणि नारिंगी यांत फरकच उरत नाही तो त्रास वेगळा. म्हणून निळे रेझिस्टर कधी सुटे ठेवायचे नाहीत असं ठरवलं. ते कागदी पट्टीला चिकटलेले येतात. पट्टीवरच किंमत लिहून व्हिजिटिंग कार्डांच्या अल्बमच्या कप्प्यात सरकवले, एका पानावर एक दशक. पट्टीवरून सुटलेला निळा रेझिस्टर आधी मल्टिमीटरला दाखवायचा आणि मगच कुठेही जायचा.

किंमत लिहिताना दशांश टिंबाच्या जागी अक्षर: ४के७, २के२. लेबलावरचं टिंब ओलीने फिकं झालं की ४.७ चे ४७ होतात. अक्षर तसं नाहीसं होत नाही. काका खात्यात असल्यापासून असंच लिहितात, ते मला आयतंच मिळालं.

सारखे दिसणारे शेजारी नकोत

आकड्यांच्या क्रमाने लावायचं म्हटलं, की जे एकमेकांशी गोंधळतात तेच शेजारी बसतात. बीसी५४७ आणि बीसी५५७ दिसायला जुळे, एक एनपीएन आणि दुसरा पीएनपी, म्हणजे ध्रुव उलटे. ७८०५ आणि ७९०५ यांचा फरक आकड्यापुरता नाही. एक धन व्होल्टेज देतो, दुसरा ऋण, आणि पायांचा क्रमही वेगळा: ७८०५ चा पहिला पाय इनपुट आणि मधला ग्राउंड, ७९०५ चा पहिला ग्राउंड आणि मधला इनपुट. एक दुसऱ्याच्या जागी बसला तर धूरच. काचेच्या छोट्या अंगाचे १एन४१४८ आणि झेनर डायोड सुटे असताना वेगळे ओळखायला भिंग लागतं.

यातला सगळ्यात धोकादायक त्रिकूट म्हणजे गोल चकत्या. पॉवर सप्लायच्या तोंडाशी बसून जादा व्होल्टेजपासून वाचवणारा व्हॅरिस्टर, त्याच भागातला उच्च व्होल्टेजचा सिरॅमिक कंडेन्सर आणि सुरुवातीचा झटका अडवणारा थर्मिस्टर. तिन्ही दोन पायांच्या चकत्या आणि पहिल्या दोघांचा रंग बहुधा निळा. व्हॅरिस्टरवर १४डी४७१ लिहिलेलं असतं, म्हणजे चौदा मिलिमीटर व्यास आणि ४७० व्होल्ट. कंडेन्सरवर ४७१ असेल तर तो ४७० पिकोफॅरड. थर्मिस्टरवर ५डी-९ म्हणजे पाच ओहम आणि नऊ मिलिमीटर. पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी विजा कडाडतात, तेव्हा व्हॅरिस्टर फुटलेले बोर्ड रांगेने येतात. त्या घाईत ४७१ एवढंच वाचून कंडेन्सर बसवला गेला तर यंत्र चालेल, बोर्ड ठीक दिसेल, पण संरक्षण शून्य. पुढची वीज थेट आत. म्हणून अल्बममध्ये आणि खणांत आम्ही मुद्दाम क्रम तोडला. व्हॅरिस्टर एका फळीवर, लाल डबीत. कंडेन्सर दुसऱ्या फळीवर. ५५७ आणि ७९०५ कपाटात न ठेवता अल्बममध्ये, कारण ते क्वचित लागतात. हात सवयीने जिथे जातो तिथे जुळ्यांपैकी एकच सापडला पाहिजे.

पृष्ठभागावर चिकटवायच्या बारीक भागांचा प्रश्न लवकर सुटला. ०८०५ आकाराचा रेझिस्टर दोन मिलिमीटर लांब. त्यावर १०३, १००२ किंवा ०१सी असं काहीही लिहिलेलं असलं तरी तो १० के, निदान वाचता तरी येतो. त्याच आकाराच्या सिरॅमिक कंडेन्सरवर काहीच छापलेलं नसतं. टेपमधून बाहेर पडला की त्याची ओळख गेली. मीटर मायक्रोफॅरड सांगेल, पण किती व्होल्ट सोसेल ते सांगणार नाही. त्यामुळे हे भाग टेपसकटच कापून अल्बममध्ये ठेवायचे आणि टेबलावर सुटा सापडलेला बिनखुणेचा कंडेन्सर सरळ टाकून द्यायचा. काकांना टाकून देणं जड जातं. पण याबाबतीत ते लगेच मानले, कारण संशयाचा कंडेन्सर बसवलेला बोर्ड परत आला तर दोष शोधण्यात अख्खा दिवस जातो.

ओल, गंधक आणि स्टॅटिक

जुन्या डब्यांतले कित्येक ट्रान्झिस्टर आणि आयसी पाय काळे पडल्यामुळे डाग, म्हणजे सोल्डर, घेत नव्हते. कथील पायावर न पसरता गोळी होऊन बाजूला घरंगळायचं. याचं सगळं खापर काका खाऱ्या हवेवर फोडत होते. पण एकाच डब्यात काही ट्रान्झिस्टर चकचकीत आणि काही काळेठिक्कर कसे? नीट पाहिल्यावर दिसलं, की काळे झालेले सगळे रबराने जुडी बांधलेले होते. रबर पक्कं करायला गंधक वापरतात आणि चांदीचा मुलामा असलेल्या जुन्या पायांना ते लागतं. रबर उन्हाळ्यात वितळून चिकटलं होतं ते निराळंच. वर्तमानपत्राच्या पुड्यांचीही तीच कथा, हलक्या कागदातही गंधकाची संयुगं असतात. रबर बँड पडवीतून हद्दपार केले आणि पुड्यांच्या जागी झिपच्या पिशव्या आल्या. काळे पाय ब्लेडने हलके खरवडून, फ्लक्स लावून आधीच कथिलाचा पातळ थर दिला. त्यातले बरेचसे कामाला आले.

आयसी ज्या काळ्या फोममध्ये खोचलेले असतात तो फोमही कायमचा भरवशाचा नाही. नवा असताना तो उत्तम, पण वर्षानुवर्षं दमट हवेत राहिला की चिकट होऊन भुगा होतो आणि पाय खातो. बोटाला चिकटायला लागला, की बदलायचा.

ओलीसाठी रबरी कड असलेले हवाबंद डबे घेतले आणि आत रंग बदलणारी सिलिका जेल ठेवली. केशरी रंगाची घेतली. निळी ओल पिऊन गुलाबी होते हे छान दिसतं, पण तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला वाईट. जेल साधारण १२० अंशांवर तापवली की पुन्हा वापरता येते. मात्र घरातल्या स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. त्यासाठी जुनी कढई पडवीतच ठेवली आहे.

इथे एक पेच आला आणि तो या सगळ्या प्रकरणातला मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. काकांचं म्हणणं, “अगं, इथे भिंतीला हात लावला तर ओला होतो, कसली स्टॅटिक?” पडवीतल्या हवेपुरतं ते बरोबर आहे. दमट हवेत स्थिर विद्युत फार साठत नाही. नागपूरच्या किंवा पुण्याच्या थंडीतल्या कोरड्या दुपारी जेवढी भीती, तेवढी इथे नाही. पण आम्ही सिलिका जेल घालून डब्याच्या आतली हवा मुद्दाम कोरडी केली आणि डबा साध्या प्लॅस्टिकचा. म्हणजे गंजापासून वाचवायला केलेल्या उपायाने आत स्टॅटिकला अनुकूल जागा तयार केली. माणसाला अंगावरचा झटका जाणवायलाच तीनेक हजार व्होल्ट लागतात, आणि आयआरएफझेड४४ सारख्या मॉस्फेटचं (एका जातीच्या ट्रान्झिस्टरचं) गेट जास्तीत जास्त वीस व्होल्ट सोसतं. आपल्याला काही कळायच्या आत भाग गेलेला असतो, किंवा अर्धवट दुखावून पुढे शेतकऱ्याच्या पंपावर जातो.

त्यामुळे हवाबंद डब्यात जाणारे मॉस्फेट, सीडी४०११ सारखे सीमॉस आयसी आणि मायक्रोकंट्रोलर स्टॅटिकपासून वाचवणाऱ्या चंदेरी पिशवीतच. गुलाबी पिशवी त्यासाठी पुरत नाही. ती स्वतः घासून चार्ज निर्माण करत नाही इतकंच, बाहेरचा झटका ती अडवत नाही. तिच्यातला गुण हवेतल्या ओलाव्यावर चालतो आणि काही वर्षांत उडून जातो. जेल घातलेल्या डब्यात तर तिचा उपयोग आणखी कमी. आयसी खोचायला थर्माकोल आता बंद. रेझिस्टर, डायोड, रिले यांना या सोहळ्याची गरज नाही, ते साध्या पिशवीत सुखी आहेत.

ज्यांना मुदत असते

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर ठेवून ठेवून बिघडतो. त्यातला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर वापराविना खराब होत जातो आणि गळती वाढते. बरेच उत्पादक साधारण दोन-तीन वर्षांची साठवण मुदत सांगतात. म्हणून पाकिटावर खरेदीचा महिना आणि वर्ष लिहिणं सक्तीचं. लावताना आधी मायक्रोफॅरड, मग व्होल्ट. कारण १६ व्होल्टच्या जागी त्याच किमतीचा २५ व्होल्टचा चालतो, जागेत मावला पाहिजे. उलट चालत नाही. ठेवून ठेवून जुने झालेले, कमी व्होल्टचे काका मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू पूर्ण व्होल्टवर नेतात आणि गळतीचा प्रवाह खाली येतो का पाहतात. ४०० व्होल्टच्या जुन्या कंडेन्सरांवर हा प्रयोग करायचा नाही हे आम्ही ठरवून टाकलं, ते थेट टाकाऊत. आणि असा मोठा कंडेन्सर बोर्डवरून काढून ठेवायचाच असेल तर आधी रेझिस्टरमधून पूर्ण रिकामा करून दोन्ही पाय बारीक तारेने जोडून ठेवायचा. रिकामा केल्यावरही त्यात थोडं व्होल्टेज आपसूक परत येतं.

सेलच्या बाबतीत तडजोड नाही. जुन्या लॅपटॉपमधले १८६५० सेल अर्धे चार्ज करून, एकेक वेगळ्या प्लॅस्टिकच्या कोशात. सुट्या स्क्रूंच्या डब्यात एकही नाही. सीआर२०३२ सारखे बटन सेल मूळ पत्रीतच, सगळ्यात वरच्या फळीवर, झाकण घट्ट. मे महिन्याच्या सुट्टीत घरात मुलं येतात. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेला दोन तासांत भाजू शकतो, हे काकूंना सांगितल्यावर फळीची उंची त्यांनीच ठरवली.

काढू नका, बोर्डच ठेवा

जुन्या बोर्डांवरून भाग काढून साठवणं ही काकांची पावसाळ्यातली करमणूक. त्याला हात घालणं मला अवघड वाटत होतं. पण वाटीतला बहुतेक माल तिथूनच येत होता: कापलेल्या आखूड पायांचे, तापलेले, मूळ कुठले ते विसरलेले भाग. आता नियम असा, की आगाऊ काही काढायचं नाही. बोर्ड आख्खाच उभा ठेवायचा, पुठ्ठ्याच्या खोक्यात वह्या ठेवतात तसा, वर चिठ्ठी: कोणत्या टीव्हीचा, आणि त्यावरचे उपयोगाचे तीन-चार भाग कोणते, म्हणजे मॉस्फेटचा नंबर, ऑप्टोकपलर, ट्रान्सफॉर्मर. बोर्डवर भाग घट्ट बसलेला असतो, पाय सुरक्षित असतात, धन-ऋण छापलेलं असतं. लागेल तेव्हा गरम करून काढायला पाच मिनिटं पुरतात. ज्या बोर्डाची चिठ्ठी लिहिण्याइतकंही त्यावर काही नाही, तो ठेवायचा नाही. एवढ्या एका नियमाने टेबलाखालचा निम्मा ढीग गेला. काका अजूनही डाग काढायला बसतात, पण समोर दुरुस्तीचं काम असेल तेव्हा.

पाणीपातळी नियंत्रकाच्या भागांना मात्र प्रकारानुसार लावलंच नाही. त्याचं सर्किट ठरलेलं आहे, भाग ठरलेले आहेत. पावसाळ्यात मागणी नसते तेव्हा एका नियंत्रकाचे सगळे भाग, रिलेपासून स्क्रूपर्यंत, एका पिशवीत भरून संच करून ठेवतो. ऑक्टोबरनंतर बागायतदार यायला लागले की पिशवी उघडायची आणि जोडायची. संच भरतानाच काय कमी आहे ते कळतं, आणि ते मागवायला तेव्हा हातात दोन महिने असतात.

मागणीच्या चिठ्ठ्या

साठ्याची मोजदाद ठेवायला मी इन्व्हेनट्री आणि पार्ट-डीबी ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर पाहिली. चांगली आहेत. चार-पाच जण एकाच साठ्यातून भाग घेत असतील तिथे मी तीच सुचवेन. पण त्यांची अट अशी की प्रत्येक वेळी काढलेला भाग नोंदवला पाहिजे. कथिलाचे हात आणि एकटा माणूस, ते होणार नव्हतं. त्याऐवजी कारखान्यांत वापरतात ती दोन पेट्यांची पद्धत घेतली. शंभरचं पाकीट आलं की त्यातले वीस वेगळ्या छोट्या पिशवीत घालून पिन मारायची, पिशवीत एक चिठ्ठी: काय, किती मागवायचं. ऐंशी संपले आणि पिन काढावी लागली, की चिठ्ठी दाराजवळच्या खिळ्याला टोचायची. मुंबईला कुणी निघालं किंवा ऑर्डर द्यायची झाली की खिळ्यावरची जुडी उचलायची. उरलेले वीस कुरिअर येईपर्यंत पुरतात. मोजणी कुठेच नाही. व्हॅरिस्टर आणि ७८१२ यांची राखीव पिशवी मोठी ठेवली आहे, कारण पावसात घाट बंद झाला तर वाट बघावी लागते.

या मांडणीवर एक अख्खा पावसाळा गेला. कपाटातले रोजचे खण कधी रिकामे सापडले नाहीत. टेबलावरची वाटी अजून आहे, पण ती रात्री रिकामी होते, कारण सात डब्या, अल्बम आणि टाकाऊचा डबा यापलीकडे विचार करावा लागत नाही. कनेक्टर, व्हॉल्यूमचे पॉट, बटणं, स्प्रिंगा यांचं गणित जमलेलं नाही. यांना किंमत नाही, मालिका नाही. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. सध्या ते ज्या यंत्राचे त्या यंत्राच्या नावाने पारदर्शक पिशव्यांत आहेत. शोधताना अजून वैताग होतोच.

अल्बमची पानंही बदलायची आहेत. स्वस्त अल्बम पीव्हीसीचे होते. उन्हाळ्यात त्यांची पानं एकमेकांना चिकटायला लागली, आणि पीव्हीसीमधून सुटणारी द्रव्यं पायांच्या कथिलाला चांगली नाहीत. पॉलिप्रोपिलीनची पानं मागवायची चिठ्ठी खिळ्यावर आहे.